नळीवरचा शिक्का

मराठी माणूस आजही एखादी गोष्ट ठासून सांगतो. मोठा गाजावाजा होऊन हाती काहीच लागलं नाही, तर त्याला तो फुसका बार म्हणतो. स्वतः मागं राहून कुणी दुसऱ्याला पुढं केलं, की त्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली असं आपण म्हणतो. आणि मुलीच्या लग्नाचा बार उडवून दिला की बाप मोकळा होतो. ठासणीची बंदूक फौजांच्या हातातून जाऊन दीडशे वर्षं झाली, तरी आपल्या बोलण्यातून ती अजून गेलेली नाही.

अलीकडं ती दिवाणखान्यातही परतली आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकांत, ऐतिहासिक नाटक-सिनेमांत, गडकोटांच्या वाटेवरच्या दुकानांत जुन्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या बंदुका आता नजरेला पडतात. लांब नळी, पितळी पट्ट्या, नक्षीचा दस्ता. हौशी माणूस ती हातात घेतो, खांद्याला लावून पाहतो आणि त्याच्या तोंडून हमखास एक प्रश्न येतो, ''ही उडते का हो?''

हा प्रश्न साधा वाटतो, पण नाही. ज्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शिवनेरीपासून भीमाशंकरपर्यंतचा डोंगर या बंदुकीच्या धुरात तीन शतकं उभा होता, तिथल्या इतिहासाकडं पाहिलं तर उत्तर सापडतं. ते उत्तर असं, की बंदूक उडते का हे विचारण्याआधी ती कुणी बनवली आणि कुणी तपासली हे विचारायला हवं. बंदुकीपुढं जो उभा असतो तो निदान काही पावलं दूर असतो. बंदूक धरणाऱ्याचा गाल मात्र नळीच्या बुडाला टेकलेला असतो.

आधी ही बंदूक कशी चालते ते पाहू. तिच्या तोंडातून मोजकी दारू आत सोडायची, वर शिशाची गोळी घालायची आणि लांब गजानं दोन्ही खाली घट्ट बसवायचं. हेच ठासणं. नळीच्या बुडाशी एका बाजूला बारीक भोक असतं, त्याला बंदुकीचा कान म्हणत. कानाजवळ लहानशी वाटी, तिच्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. जुन्या बंदुकीत सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी धुमसत ठेवलेली असे. तिला तोडा किंवा जामगी म्हणत. चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर टेके, ज्वाला कानातून आत शिरे आणि बार होई. पुढं तोड्याची जागा चकमकीच्या दगडानं घेतली आणि एकोणिसाव्या शतकात दगडाची जागा तांब्याच्या लहानशा टोपीनं घेतली. पण तिन्ही प्रकारांत बंदूक तोंडाकडूनच भरायची होती. युद्धात शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानात खिळे ठोकत, ते याच भोकात.

घरात उर्दू आणि दारात मराठी असलेल्या माझ्यासारख्या माणसाला या शब्दांची मोठी गंमत वाटते. बंदूक हा शब्द अरबीतल्या 'बुंदुक'वरून आला. बुंदुक म्हणजे कठीण कवचाचं एक लहान फळ. त्या आकाराच्या मातीच्या गोळीलाही तेच नाव पडलं आणि पुढं गोळी फेकणाऱ्या हत्याराला. बरकंदाज म्हणजे फारसीत वीज फेकणारा. आणि दारू म्हणजे औषध. 'दवादारू' या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. एकाच शब्दात औषध, मद्य आणि स्फोटक ही तिन्ही नांदतात. तिन्हींचा धोका मात्र एकच आहे, मात्रा चुकली की जीव जातो.

जुन्नरचा आणि दारूगोळ्याचा संबंध शिवकाळाच्याही आधीचा आहे. बहमनी राज्याचा सुभेदार मलिक अहमद याचं ठाणं जुन्नरला होतं. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि निजामशाही उभी राहिली. १४९४ मध्ये त्यानं अहमदनगर वसवायला घेतलं. त्याच अहमदनगरात १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाऱ्यानं 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. त्याच्या नावातला 'रूमी' हा शब्द तुर्की मुलखाकडं बोट दाखवतो. दारूगोळ्याची विद्या दख्खनेत समुद्रापलीकडून आली, तुर्कांकडून आली, पोर्तुगीजांकडून आली, आणि इथल्या लोहारांनी ती आपलीशी केली. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरानं निजामशाहीची गादी काही काळ जुन्नरला आणली, तेव्हा ही विद्या इथल्या रोजच्या व्यवहाराचा भाग झालेली होती.

बंदुकीची नळी घडवणं हे त्या विद्येतलं सर्वांत अवघड काम. लोखंडाची पट्टी लाल होईपर्यंत तापवायची, एका सळीभोवती वेटोळी देत गुंडाळायची आणि घणाचे घाव घालून वेढ्याला वेढा असा जोडायचा, की सांधा राहू नये. मग आतून पोखरून, घासून नळी सरळ करायची. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीची नळी लांब आणि जाड असे; ती भरपूर दारू सोसत असे. पण एका वेढ्यात राख अडकली, एखादा घाव थंड लोखंडावर पडला, तर आत फट राहून जाई. बाहेरून ती दिसत नसे. वर चांदीची वेलबुट्टी केली तर मुळीच दिसत नसे. नळी फुटेपर्यंत ती फट कुणालाही कळत नसे. सुंदर बंदूक आणि भरवशाची बंदूक यांतला फरक त्या काळापासूनचा आहे.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, शिवनेरीवरचा. पण १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहरावर छापा घातला, तेव्हा काम केलं ते शिड्यांनी आणि काळोखानं. रात्री तटाला शिड्या लावून मावळे आत उतरले आणि ३ लाख होन व २०० घोडे घेऊन गेले. अशा कामाला तोड्याची बंदूक फारशी उपयोगाची नसते. पेटता तोडा काळोखात लांबून दिसतो आणि जळत्या दोरीचा वास वाऱ्यावर पुढं जातो. नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर या बाजूचा पाऊस तर सर्वांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर या डोंगरात तोडा विझतो, रंजक ओली होते, दारू हवेतली ओल शोषून घेते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, त्यामागं नद्यांचे पूर आणि घोड्यांचा चारा होता, तशी कोरडी दारूही होती.

महाराजांना बंदुकीचं मोल कळत नव्हतं असा याचा अर्थ नव्हे. १६७३ च्या सुमारास त्यांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि बंदुकांसाठी भरपूर शिसं विकत घेतल्याची नोंद आहे. आणि पुढं १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त गडावरच्या दारूखान्याची चिंता किती बारकाईनं केली आहे ते पाहण्याजोगं आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, हवालदारानं तिथं वरचेवर जाऊन पाहावं, दारू उन्हात घालून वाळवावी आणि पुन्हा नीट बंद करून ठेवावी, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. राज्य चालवणारा अमात्य दारू वाळवण्याबद्दल लिहितो, कारण निष्काळजी हवालदार गडाचं किती नुकसान करू शकतो हे त्याला माहीत होतं.

पेशवाईत चकमकीची बंदूक आली आणि तिच्यामागं कारखाने आले. फ्रेंच पद्धतीनं कवायत शिकलेले इब्राहिमखान गारद्याचे बंदूकधारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढले. थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नर भागात, ओतूरजवळच्या आंबेगव्हाण इथं, तोफगोळ्यांचा कारखाना होता. महादजी शिंद्यांनी तर आग्र्याला मोठं शस्त्रागार उभारलं. तिथं सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत असे आणि युरोपी बंदुकीच्या तोडीची बंदूक अवघ्या १० रुपयांत तयार होई, असं त्या काळच्या माहितगारांनी लिहून ठेवलं आहे. या १० रुपयांच्या बंदुकीवर हजारोंची कवायती फौज उभी राहिली. ती स्वस्त होती, पण एका हाताखाली, एका मापानं बनत होती. जबाबदारी कुणाची हे ठरलेलं होतं.

मे १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिजच्या इंग्रज तुकडीनं चावंड, जीवधन हे जुन्नरचे किल्ले तोफांच्या माऱ्यानं घेतले. गडकऱ्यांची वतनं गेली, डोंगरातल्या महादेव कोळ्यांचं राखणीचं काम गेलं. पुढची साठ वर्षं या दोन तालुक्यांत बंदुकीचा इतिहास म्हणजे ती कुणाच्या हाती असावी याचा झगडा आहे. १८३९ मध्ये पेशव्यांच्या नावानं उठलेल्या बंडवाल्यांनी घोड्याच्या, म्हणजे आजच्या घोडेगावच्या, सरकारी खजिन्यावर हल्ला केला. रोझ नावाच्या असिस्टंट कलेक्टरनं शिपाई आणि गावकरी गोळा करून रात्रभर खजिना लढवला. घोड नदीकाठच्या त्या गावात त्या रात्री बंदुकीचे किती घोडे ओढले गेले असतील याची कल्पना करावी.

१८५७ मध्ये सरकारनं डाव फिरवला. ज्यांच्या बंडाची भीती, त्यांनाच बंदूक दिली. कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली महादेव कोळ्यांची पलटण उभी राहिली. जुन्नरला लागून असलेलं अकोले हे तिचं मुख्य ठाणं होतं. हिरवी पागोटी, हिरवे डगले, पायात वहाणा आणि हातात संगिनीसह हलकी बंदूक, असं या पलटणीचं वर्णन सरकारी गॅझेटियरमध्ये आहे. डोंगर चढायला सोपी जावी म्हणून बंदूक हलकी. हे लोक कवायत चटकन शिकले, भिल्लांच्या बंडात त्यांनी सरकारचं काम केलं आणि १८६१ च्या मार्च महिन्यात पलटण मोडून त्यांना घरी पाठवण्यात आलं.

बंदुका परत घेतल्या गेल्या, डोक्यावरचं कर्ज मात्र तसंच राहिलं. १८७३ पासून आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले सावकारांविरुद्ध उठला. पुणे, अहमदनगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात त्यानं सावकारांना धडकी भरवली. पकडून देणाऱ्याला १ हजार रुपयांचं इनाम लागलं आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं त्याला पकडलं. याच डॅनियलनं तीन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांना धरलं. या दोन अटकांच्या मध्ये, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारचा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं.

हा कायदा परक्या सत्तेनं आपल्या भीतीपोटी केला होता, हे उघड आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. ज्या दिवशी बंदूक लपवावी लागली, त्या दिवसापासून ती कुणाला दाखवता येईनाशी झाली. लपवलेल्या बंदुकीची नळी तपासून घेता येत नाही. तिची दारू उन्हात घालता येत नाही. ती बनवणारा लोहार आपलं नाव तिच्यावर कोरत नाही. बनवणारा निनावी, विकणारा निनावी, आणि फुटली तर दवाखान्यात जायचीही चोरी. आजचा गावठी कट्टा हा या निनावीपणाचाच वारस आहे. तो समोरच्याला मारील की हातातच फुटेल हे विकणाराही सांगू शकत नाही.

इंग्रजांनी आपल्या देशात मात्र याच्या उलट रीत घातली होती. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली आणि नळ्या तपासण्याचं काम संघाकडं आलं. १८१३ मध्ये बर्मिंगहॅमला कायद्यानं परीक्षागृह स्थापन झालं. परीक्षेची रीत अगदी सरळ आहे. नळीत नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरायची, माणसं आडोशाला ठेवायची आणि लांबून बार काढायचा. मग नळी बारकाईनं पाहायची. कुठं तडा नाही, कुठं फुगवटा नाही असं ठरलं, तरच तिच्यावर शिक्का मारायचा. हा शिक्का सौंदर्याचा नसतो, किमतीचा नसतो. परीक्षेत ही नळी फुटली नाही, एवढंच तो सांगतो. आणि तेवढंच तर माणसाला हवं असतं.

आज जगात ठासणीच्या बंदुकीनं नेम मारण्याचा रीतसर खेळ आहे. त्याची आंतरराष्ट्रीय समिती १९७१ मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत तोड्याच्या बंदुकीचा एक प्रकार आहे, त्याचं नाव तानेगाशिमा. १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या बंदुका ज्या जपानी बेटावर पहिल्यांदा उतरल्या, त्या बेटाचं हे नाव. जुन्या अस्सल बंदुका दुर्मीळ आणि महाग, म्हणून अनेक जण नव्यानं बनवलेल्या प्रतिकृती वापरतात. इटलीत गार्दोने या गावात अशा बंदुकांचे नामांकित कारखाने आहेत आणि प्रत्येक नळी सरकारमान्य परीक्षागृहातून जाते. भारतातूनही प्रतिकृती परदेशी जातात. त्या दिसायला देखण्या आणि किमतीला कमी. पण त्यांतल्या बऱ्याच शोभेच्या वस्तू म्हणून, कान न पाडताच, पाठवल्या जातात. तिकडं कुणी हौशी माणूस किंवा दुकानदार त्यांना भोक पाडतो आणि उडवू लागतो. त्यांतली एखादी नळी उत्तम असेलही. पण ती परीक्षेला बसलेलीच नाही. तिकडचे जाणकार या बंदुकांवरून वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत आणि वादाच्या शेवटी प्रश्न तिथंच येतो, नळीवर शिक्का आहे का?

मग चांगली, सुरक्षित बंदूक ओळखायची कशी? जिथं हा खेळ कायद्यानं खुला आहे तिथला नेमबाज आणि आपल्याकडं पीकराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी, दोघांनाही एकच कसोटी लागू आहे. पहिली गोष्ट शिक्का, बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. दुसरी गोष्ट नळीचं लोखंड. ती बंदुकीसाठीच बनवलेल्या पोलादाची, बिनसांध्याची हवी; पाण्याच्या नळासाठी जोडलेल्या पाइपची नव्हे. तिसरी गोष्ट नळीचं बूड. मागचं बूच खोल आट्यांनी घट्ट बसवलेलं हवं. नुसतं डाग देऊन चिकटवलेलं बूच म्हणजे उलट्या दिशेला रोखलेली गोळी. चौथी गोष्ट कान. तो वाटीच्या नेमका समोर आणि बेताचा हवा. झिजून मोठा झालेला कान बाजूला उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत आग फेकतो. पाचवी गोष्ट घोडा. तो अर्धा ओढून ठेवला की तिथंच थांबला पाहिजे. चाप दाबून, हिसका देऊन पाहिला तरी सुटता कामा नये. दस्त्याची नक्षी, पितळेची चमक, 'अगदी शिवकालीन' हे विकणाऱ्याचं बोलणं, या सगळ्याचा नंबर त्यानंतर.

बंदूक चांगली असूनही माणूस घात करू शकतो. या बंदुकीसाठी सोरा, गंधक आणि कोळसा यांची जुनी काळी दारूच चालते. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू तिच्यात घातली तर नळी फुटणार, मग शिक्का कितीही मोठा असो. गोळी दारूवर नीट टेकलेली नसेल, मध्ये पोकळी राहिली असेल, तरी नळी फुगते किंवा फाटते. एकदा ठासलेली बंदूक विसरून पुन्हा ठासणं हा तर जुना अपघात. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७ हजारांहून अधिक बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या आणि हजारो एकापेक्षा जास्त वेळा ठासलेल्या होत्या. भेदरलेल्या सैनिकाला आपला बार झाला की नाही हेही कळलं नव्हतं.

यावरून एक गोष्ट घरोघरच्या मंडळींना सांगावीशी वाटते. माळ्यावर, देव्हाऱ्याजवळ, वाड्याच्या खुंटीवर पणजोबांची बंदूक असेल, तर ती रिकामी आहे असं धरून चालू नका. ठासणीची बंदूक भरलेली आहे हे बाहेरून दिसत नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. तिचं तोंड कुणाकडं करू नका, कानाजवळ काडी नेऊ नका, गंज काढायला ती तापवू नका. पोलीस ठाण्यात कळवून परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून ती तपासून घ्या. लोखंड शंभर-दीडशे वर्षांत आतून खात आलेलं असतं. अशी बंदूक उडवून पूर्वजांना मानवंदना देता येत नाही.

कायदाही समजून घेतला पाहिजे. आज आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. दुरुस्त करूनही जी उडणार नाही अशा जुन्या, संग्राह्य शस्त्राला त्यात सूट आहे. उडू शकणाऱ्या बंदुकीला परवाना लागतो, मग ती तोंडाकडून भरायची असली तरीही. ज्या बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक वा ओळखीची खूण नाही, ती विकताच येत नाही. आणि शोभेच्या बंदुकीला भोक पाडून ती उडती करणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं तर मिरवणुकीत, लग्नात आनंदाच्या भरात गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. १८७८ चा कायदा माणसावर अविश्वास दाखवण्यासाठी होता. आजच्या कायद्याकडं तरी आपण तसं पाहू नये. शेजारच्या पोराचा डोळा वाचवणारी ती तरतूद आहे.

जुन्नर-आंबेगावात बंदुकीचा विषय निघाला की आज बिबट्याचा विषय निघतो. उसाच्या फडात जाणाऱ्या माणसाची भीती खोटी नाही. पण घाईघाईनं कुठून तरी मिळवलेली, कुणी बनवली ते ठाऊक नसलेली बंदूक त्या भीतीवरचं औषध नव्हे. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, हे एक. आणि अंधारात घाबरलेल्या हातातली निनावी नळी बिबट्याइतकीच आपल्या घरालाही धोका आहे, हे दुसरं.

तेव्हा ''ही उडते का?'' असं कुणी विचारलं, तर त्याला हसू नये. इतिहासावर प्रेम असल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही. त्याच्या हातात ती बंदूक राहू द्यावी, गज काढून दाखवावा, कान कुठं असतो ते सांगावं. या नळीत किती वेढे असत, पावसात तोडा कसा विझे, अकोल्याच्या पलटणीतला कोळी शिपाई हलकी बंदूक घेऊन डोंगर कसा चढे, तेही सांगावं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात नेऊन जुनी शस्त्रं दाखवावीत. मग नळी फिरवून तिच्यावर शिक्का कुठं आहे ते शोधायला सांगावं. तो सापडला नाही, की बंदूक पुन्हा भिंतीवर टांगावी. तिथं ती शोभते आणि तिथं ती कुणाला इजाही करत नाही.